गेजने पाहिलेलं सरकार

मी एक गेज बोलतोय. वाचणाऱ्यांपैकी निम्म्यांनी माझं नावही ऐकलं नसेल, म्हणून आधी ओळख सांगतो. वीतभर पोलादी दांडी, दोन्ही टोकं गोल. हिरवं टोक भोकात सहज गेलं पाहिजे. लाल टोक केसभर जाड आहे, ते जाताच कामा नये. हिरवं अडलं किंवा लाल गेलं, की माल नापास. मला एवढंच कळतं, पण पक्कं कळतं.

माझा जन्म छत्रपती संभाजीनगरच्या एका टूलरूममधला. तिथून गयासोद्दीनभाईंनी मला जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत, आपल्या छोट्या कारखान्यात आणलं. कामगार अकरा. तीनचाकी मालगाडीच्या चाकात बसणारे बुश, म्हणजे आखूड पोकळ नळे, तिथे बनायचे आणि दूरच्या एका मोठ्या गाडी कंपनीकडे जायचे.

मी असायचो सुरेखाताईंच्या हातात. त्या बदनापूरहून रोज रेल्वेने येत. मला कापडाने पुसल्याशिवाय त्यांनी कधी बुशला लावलं नाही. नवीन कोणी हात घालून जोर करायला लागला, की म्हणायच्या, "गेज ढकलायचं न्हाई. सोडायचं. जायचं आसंल तर आपोआप जातंय." ढकलून पास केलेला माल पुढे कुणाच्या तरी चाकात जाऊन बसतो, हे त्या विसरत नसत. एकदा खुद्द भाईंनी गळ घातली तरी त्यांनी चाळीस बुश बाजूला काढले होते. भाई दोन दिवस रुसले, तिसऱ्या दिवशी त्यांनीच चहा पाठवला.

मग त्या कंपनीच्या गाड्या खपेनात. बाजार बॅटरीवरच्या गाड्यांकडे वळला आणि कंपनी डिझेलच्याच काढत बसली. आमचं काम आठवड्याला तीन दिवसांवर आलं. तेवढ्यात बातमी आली की सरकार कंपनीला सावरणार आहे. त्या दिवशी चहा निवला तरी कुणाचं बोलणं संपेना.

"चूक कंपनीची, मंग सरकारनं का निस्तरायची?" लेथवरचा पप्पू म्हणाला. त्याच्या डोक्यावरचे केस गेलेत, पण नाव पप्पूच राहिलंय.

सुरेखाताई म्हणाल्या, "कंपनी चुकली आसंल. आपला बुश कवा चुकला?"

मला हा प्रश्न फार आवडला. ज्याचा माल बरोबर आहे त्याला सावरणं कुणाचं काम? सरकार म्हणजे नेमकं काय असतं, ते बघायची मला तेव्हापासून उत्सुकता लागली.

ती लवकरच भागली. कंपनीला माल पुरवणाऱ्या कारखान्यांसाठीही योजना निघाली होती, म्हणून भाईंनी मदतीचा अर्ज लिहिला आणि नमुना दाखवायला एक बुश घेतला. त्याच्याबरोबर मलाही पिशवीत टाकलं. मला वाटत होतं, सरकार आमच्या प्रेस मशिनपेक्षा तरी मोठं असेल. निघाले उद्योग कचेरीतले सोमेश्वर साहेब. एक टेबल, एक पंखा, डब्यात मेथीची भाजी. साहेबांनी मला उचललं आणि लाल टोक बुशमध्ये ढकलायला लागले. मी अर्थातच अडून बसलो.

"माल खराब दिसतोय," साहेब म्हणाले.

"न्हाई साहेब, बिलकुल बराबर हाय. ते न्हाई गेलं म्हनूनच बराबर हाय," भाई म्हणाले, आणि समजावता समजावता मला तिथेच विसरून आले. मी पंख्याखाली आमच्याच अर्जावर वजन म्हणून बसलो.

चार दिवस मी सरकार अगदी जवळून पाहिलं. साहेबांकडे अटींचा एक कागद होता. अर्ज उचलायचा, अटीला लावून बघायचा, बसला तर इकडे, नाही बसला तर तिकडे. अरे, हे तर माझंच काम. मला साहेबांबद्दल एकदम आपलेपणा वाटला. आमचा अर्ज मात्र तिकडे गेला.

इकडे कारखान्यात वेगळाच घोळ झाला होता. जाफराबादला पेरणीयंत्रं बनवणाऱ्या संपतरावांनी याच मापाचे बुश मागितले होते, शनिवारी माल हवा होता. तो पसंत पडला तर त्यांचं वर्षभराचं काम मिळणार होतं, आणि नाही मिळालं तर भाई कारखाना बंद करणार होते. बुश तयार होते, तपासायला मीच नव्हतो. शुक्रवारी सुरेखाताई मला न्यायला आल्या. मला पुसलं, मग विचारलं, "आमच्या अर्जाचं काय झालं?"

"ताई, तुमचा कारखाना चालू आहे ना," साहेब ओशाळून म्हणाले. "सहा महिने बंद असता तर योजनेत बसला असता."

"म्हंजी वाचायसाठी आदी मरायचं?"

"अट तशी आहे."

ताईंनी अटींच्या कागदावर बोट ठेवलं. "साहेब, रागवू नका. हे गेज घासून झिजतंय. मंग खराब माल बी चांगला म्हनून सोडतंय. म्हनून दरसाली तपासाया पाठवतो आमी. तुमची ही अट शेवटची कवा तपासली?"

साहेबांनी मला हातात घेऊन फिरवलं, माझ्या अंगावरची तपासणीच्या तारखेची छोटी चिठ्ठी वाचली आणि हळूच म्हणाले, "ताई, याचीही तारीख गेलीय. महिना झाला."

ताईंचा चेहरा उतरला. काम कमी म्हणून कुणाच्या लक्षातच राहिलं नव्हतं. मलाही शरम वाटली.

"मंग आसं करू," त्या म्हणाल्या. "हे मी पाठवते. ते तुमी पाठवा."

साहेबांनी कोरा कागद ओढला आणि वर लिहिलं, 'अट फेरतपासणीसाठी सादर.' पुढचं मला दिसलं नाही, मी पिशवीत गेलो होतो.

कारखान्यात भाई घायकुतीला आले. "ताई, एवढ्या टायमाला ह्याच गेजनं तपासून माल देऊन टाका. कोन बघून राह्यलंय?"

"म्या आत्ता साहेबाला बोलून आले, भाई."

भाईंनी डोक्याला हात लावला. मग फोन उचलून संपतरावांकडे सोमवारपर्यंतची मुदत मागितली. बघतो, एवढंच ते म्हणाले.

आता मी संभाजीनगरच्या तपासणी प्रयोगशाळेत आहे. बाहेर ऊन रणरणतंय आणि मला थंडगार खोलीत निजवलंय, कारण तापलेल्या अंगाचं माप खरं येत नाही. सकाळी मोजतील. माझं हिरवं टोक झिजलं असेल तर मला बाद करतील, आणि ताईंचा हात मला पुन्हा लागणार नाही. याचं मला वाईट वाटतं, फार वाटतं. हजारो बुश मी नापास केले, पण नापास होताना त्यांना कसं वाटत असेल, हे आजवर कधी मनात आलं नव्हतं. तरी मोजणाऱ्यांना एकच विनवणी आहे. मला ढकलू नका.

मी माझ्या पाळीची वाट बघत पडलोय. सोमेश्वर साहेब, तुमचा तो अटीचा कागद फेरतपासणीला निघाला का?