वेशीवरची पाटी

जत्रेत बाहेरच्या दुकानदारांना बंदी, असं गावच्या सभेत ठरलं. हात मीही वर केला. तशी पाटी कर्जतहून आणली, ती मोहियुद्दीनच्याच टेंपोतून.

"धाकलूदादा, ही कुणासाठी?" त्यानं मला विचारलं.

"तुमच्यासाठी नाय हो. तुमी आमचेच. देवीला पहिला चुडा तर तुमच्याच घरचा चढतो."

त्याला पटलं. वेशीवर पाटी डुगडुगायला लागली, तेव्हा त्यानंच पहार घेऊन खड्डा कमरेएवढा खोल केला.

जत्रेच्या सकाळी गावातल्या तरुणांनी त्याच्या बायकोचं, नूरबानोचं, बांगड्यांचं दुकान उचलून पाटीपलीकडे नेऊन टाकलं. सगळ्यांत पुढे माझाच पोरगा, ऋतिक. मोहियुद्दीन माझ्याकडे बघत होता. मी चपला काढून देवळात घुसलो. भेकड साला मी!

देवीसाठी बांगड्या दुसरीकडून आणल्या होत्या. तिच्या दगडी मनगटाचं माप फक्त नूरबानोला ठाऊक. दोन फुटल्या, बाकीच्या दोऱ्यानं बांधल्या.

आता ती पाटी काढावी असं म्हणतो मी, एकटाच, मनातल्या मनात. पण ती हलायची नाही. खड्डा मोहियुद्दीननं खणलाय. त्याचं काम पक्कं असतं.