कपारीतला पिंपळ

महाळुंग्यात कुणाच्या भिंतीत पिंपळ उगवला की घरची माणसं आधी हात जोडतात आणि मग बरकतला बोलावतात. पिंपळ तोडला तर पाप लागतं, हे सगळ्यांना ठाऊक. बरकतला ते लागत नाही, हे कुणी ठरवलं कोण जाणे! त्याचं रस्त्याकडेला मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान. पण गावातल्या पिंपळांवर करवत चालवायची ती त्यानंच. काम झालं की चहा मिळायचा, तोही भरपूर साखरेचा. बरकत हसून प्यायचा. गाव आपलंच म्हटल्यावर रुसायचं कुणावर?

पण नवनाथनं पिंपळाचा विषय काढला तेव्हा त्याला हसू आलं नाही.

नवनाथ म्हणजे त्याच्या जिवाभावाच्या मित्राचा, दत्तोबाचा मुलगा. कंपनीसाठी टेकडी कापली तेव्हापासून त्यांच्या घरामागं खडकाचा उघडा कडा उभा होता. त्या कड्यापासून टेम्पोएवढी एक शिळा सुटत चालली होती आणि मधल्या कपारीत, छातीएवढ्या उंचीवर, पिंपळ वाढला होता. गेल्या पावसाळ्यात शिळेचा एक टवका मागच्या खोलीवर पडला आणि पत्रा फाटला. त्याच खोलीत नवनाथची आई शालनबाई झोपायची, आणि काही केल्या तिथून हलत नव्हती.

"चाचा, ब्रेकरवाला शिळा उतरवायला तयार हाय," नवनाथ म्हणाला. "पण म्हणतो, आधी पिंपळ काढा, मी त्याला हात लावणार न्हाई. आई पुढच्या गुरुवारी देहूला जाणार हाय. तेवढ्यात उरकून टाका."

"तिच्या पाठीमागं?"

"समोर काढू देईल का ती?"

नाही देणार, हे बरकतलाही कळत होतं. दत्तोबा कोरोनात गेला. दहाव्याला घाटावर जायची बंदी होती, म्हणून नवनाथनं घरामागं याच पिंपळाखाली पिंड ठेवला. फांदीवरचा कावळा लगेच खाली उतरला आणि शिवला. त्या दिवसापासून शालनबाईला त्या झाडात नवराच दिसायचा. आता झाड काढावं तर तिला तोंड कसं दाखवायचं, आणि न काढावं तर पाऊस पंधरा दिवसांवर आलेला. इकडे आड, तिकडे विहीर.

"चोरून न्हाई काढायचा, नव्या," बरकत म्हणाला. "मी बोलतो तिच्याशी."

शनिवारी संध्याकाळी तो गेला तेव्हा शालनबाई पिंपळाला पाणी घालत होती. बरकतला बघून तिला बरं वाटलं.

"या बरकतभाऊ, बगा तरी. पयल्या वर्साला हितं उदबत्ती कशीबशी शिरायची. मग पणती मावाया लागली. आता अख्खा तांब्या बसतोय." तिनं खरोखरच कपारीत तांब्या ठेवून दाखवला. "ह्यांनीच जागा करून दिली मला."

बरकतच्या अंगावर सर्रकन काटा आला. इतकी वर्षं ही बाई रोज आपलं मरण मोजत होती, आणि त्याला माया म्हणत होती. त्यानं कपारीत हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला. आत मनगटाएवढी मुळी दगडात चेपून बसली होती.

"वहिनी, ह्यो दगूड दिसभर तापतो, रातीला निवतो," तो सावकाश म्हणाला. "फुगतो, आकसतो, आन् त्याला भेग पडती. भेगंत पाणी मुरतं, माती साचती, मुळी शिरती. मुळी कवळी हाय तवर लेकरू, जाड झाली की पहार. दत्तोबा जागा करत न्हाई वो. शिळा तुमच्या अंगावर यायला निघालीया."

तिनं तांब्या कपारीतून काढून घेतला.

"मंजी पानी मीच घातलं."

खोटं बोलून मोकळं व्हावं असं बरकतला वाटलं, पण जीभ रेटेना. "तुमचं तांब्याभर, वहिनी. पावसाचं हंड्यानं."

"तरी बी घातलंच की." ती खाली बसली. मग हळूच म्हणाली, "ह्यांच्याच हातनं मराण आलं तर वंगाळ काय हाय त्यात?"

आता कळलं. ही हट्टानं नाही, आशेनं तिथं झोपत होती! बरकतला संताप आला.

"आन् त्ये दत्तोबाच्या माथी मारायचं? जिता असता तर त्यानं तुमाला हितं झोपू दिलं असतं का? त्याच्या हातनं तुमचा जीव गेला, तर त्याला कुटला कावळा शिवल?"

शालनबाईनं पदर तोंडाला लावला. ती बराच वेळ रडली. अखेर ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"सोमवारी या," ती म्हणाली. "करवतीला धार लावून या. हाल करू नका त्याचं."

सोमवारी सकाळी तिनं पिंपळाला हळदकुंकू वाहिलं आणि डोकं टेकलं. पिंपळ तोडताना घरच्यांनी आत जायचं, दार लावून घ्यायचं. डोळ्यांनी पाहायचंसुद्धा नाही, हा गावाचा रिवाज. नवनाथ आत गेला. कडी लागली. शालनबाई मात्र जागची हलली नाही.

"वहिनी, आत जा. बघवायचं न्हाई तुमाला."

"न्हाई जायची." तिनं बुंध्यावर तळवा ठेवला. "दवाखान्यातनं ह्यांना पिशवीत गुंडाळून तसंच नेलं. तोंड बी बगू दिलं न्हाई मला. आता तरी बगू द्या."

बरकतनं उचललेली करवत खाली घेतली. त्याला समोरचं नीट दिसेना. त्यानं बाहीनं डोळे पुसले.

मागं कडी वाजली. नवनाथ बाहेर येऊन आईशेजारी उभा राहिला. बापाचं तोंड त्यालाही पाहायला मिळालं नव्हतं.

"चालवा भाऊ," शालनबाई म्हणाली, आणि बरकतनं करवत लावली.