हात लावू नका

"काका, हात लावू नका. गाडी आहे तशीच उभी ठेवा. माझा माणूस पंधरा मिनिटांत पोचतोय," गॅरेजचा सुपरवायझर फोनवर म्हणाला.

"छे छे, कशाला लावतोय," मिस्त्री म्हणाले आणि खुशीत फोन खिशात टाकला.

गाडी बंद पडली म्हणून कुणी खूश होतं का? पण मिस्त्री झाले होते. मागे बसलेल्या बायकोला म्हणाले, "पडली बघ एकदाची! अगदी वेळेवर."

सहा महिन्यांपूर्वी त्यांनी ही जुनी गाडी घेतली, ती काही हौसेसाठी नव्हे. बायकोची किडनी गेलेली. आठवड्यातून तीनदा तिला डायलिसिसला न्यावं लागे, आणि परतताना बसमध्ये ती दोनदा चक्कर येऊन पडली होती. गाडी आली खरी, पण इंजिन तापलं की भर रस्त्यात बसकण मारायची. थंड झाली की पुन्हा सुरू. तीन वेळा गॅरेजात नेली, आणि तिन्ही वेळा मेली पाहुण्यांसमोर शहाण्यासारखी वागली. कागदावर शेरा एकच : दोष आढळला नाही. बंद पडलेली गाडी आमच्या माणसाने बघितली पाहिजे, मग आतला कंट्रोलचा डबा बदलून देऊ, हा त्यांचा नियम. गाडीसोबत मिळालेली गॅरेजची सहा महिन्यांची वॉरंटी आज पाचला संपत होती. आणि साडेचारला, गॅरेजपासून दोन चौकांवर, गाडीने मान टाकली. आता फक्त गप्प बसायचं होतं.

तेच तर मिस्त्रींना जमत नव्हतं! चाळीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त केलेला माणूस. बंद मशीन समोर ठेवून त्यांनी कधी चहासुद्धा घेतला नव्हता. नुसतं बघू म्हणून त्यांनी बॉनेट उघडलं. डब्याच्या टोपणाला सीलचा कागद चिकटवलेला होता. त्याच्या कडेतून जोडाची एक पिन दिसत होती, गंजून हिरवी झालेली.

"अहो, नको म्हणालाय ना तो?" बायको काचेतून म्हणाली.

"अगं, लांबूनच बघतोय."

लांबून कसलं बघणं! नख कधी सीलखाली गेलं, खिशातली सुई कधी हातात आली, पिन कधी घासून चकचकीत झाली, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. टोपण बसवून त्यांनी किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झालं.

"आहे का नाही?" मिस्त्री लहान मुलासारखे हसले. बायको हसली नाही. ती बॉनेटकडे बघत राहिली, आणि मग मिस्त्रींच्याही लक्षात आलं. अरे देवा! त्यांनी घाईघाईने इंजिन बंद केलं, पण तेवढ्यात गॅरेजचा माणूस मोटारसायकल लावून समोर उभा होता.

त्याने गाडी गॅरेजात नेली. सुपरवायझरने बॉनेटखाली वाकून पाहिलं आणि सावकाश मान वर केली.

"सील कुणी फोडलं काका?"

बायकोने मिस्त्रींची बाही ओढली. "आधीपासून तसंच होतं म्हणा ना," ती कुजबुजली. सुपरवायझरला ते ऐकू गेलं असावं. तो मुद्दाम दुसरीकडे बघू लागला. भला माणूस होता. मिस्त्रींनी नुसती मान हलवली असती, तरी गाडी बंदच होती असं लिहून त्याने डबा बदलून दिला असता.

"मीच," मिस्त्री म्हणाले.

"कशाला केलंत हो हे? पिन उत्तम साफ केलीत, आमच्या पोरांना इतकं जमायचं नाही. पण डबा आतूनच गेलाय. तापला की पुन्हा बंद पडणार. आणि सील फुटलं की माझे हात बांधलेले." त्याने शेरा लिहिला, सही केली. पाचला दहा मिनिटं कमी होती.

घराच्या वाटेवर चढाखालच्या वळणावर गाडी मेली. मिस्त्रींनी स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. "माझ्या हाताला खाज! दुसरं काय? तुझं नुकसान केलं मी," ते म्हणाले आणि त्यांना रडूच आलं.



"मी काय म्हणते," बायको म्हणाली, "तीनदा कशाला जायला हवं? दोनदा पुरे होईल मला. डॉक्टरांना काय, ते सांगतातच."

 खाली उतरून, उघड्या दारातून एका हाताने स्टिअरिंग धरून मिस्त्री गाडी कडेला ढकलू लागले. गाडी जरा हलकी लागली तसं त्यांनी मागे वळून पाहिलं. बायको उतरली होती. सुयांनी काळानिळा झालेला हात छातीशी धरून ती दुसऱ्या हाताने गाडी ढकलत होती.

"बस आत," ते ओरडले.

"तुम्ही पुढे बघा," ती म्हणाली.