आक्काबाईंची मोठी थाळी

मित्रांनो, मी एक जुनी पितळी थाळी आहे. माझी कड आता दोन जागी चेपली आहे, पण पाठीवर टिंबाटिंबांनी कोरलेलं 'आक्काबाई' हे नाव अजून वाचता येतं. शिरपूरच्या भांड्यांच्या दुकानात ते नाव टाकलं, त्या दिवसापासून मी आक्काबाईंची झाले.

आक्काबाई तेव्हा दुसऱ्यांच्या शेतात निंदायच्या, कापूस वेचायच्या, डोक्यावरून गाठोडी वाहायच्या. संध्याकाळी माझ्यात ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या तीन भाकरी, ठेचा आणि वर तेलाची धार पडायची. सगळं जिरायचं. कल्हईवाला आला की त्या आधी मला पुढे करायच्या. "ही थाळी भरलेली दिसली की जिवाला बरं वाटतं," असं म्हणायच्या. मलाही मोठा अभिमान वाटायचा.

पुढे त्यांचा मुलगा प्रशील दीपनगरच्या वीज केंद्रात लागला आणि आक्काबाई त्याच्या क्वार्टरमध्ये राहायला आल्या. शेत सुटलं, डोक्यावरचं ओझं गेलं. माझ्यातल्या भाकरी मात्र तेवढ्याच राहिल्या. उलट तुपातल्या बट्ट्या आणि चहाबरोबरची खारी वाढली. आक्काबाईंचं अंग सुटत गेलं. जमिनीवरून उठायचं तर कुणाचा तरी हात लागायचा. गुडघे धरले, साखर वाढली. शेवटी डॉक्टरांनी बजावलं, "वजन उतरवा. नाहीतर ही साखर आणि हा रक्तदाब एक दिवस हृदयावर येईल."

दुसऱ्याच दिवशी सून प्रज्ञानं एक लहान स्टीलची ताटली आणली आणि मला फडताळावर चढवलं.

मला तेव्हाच संशय आला. या बाईच्या मनात आहे तरी काय? आज फडताळावर, उद्या मोडीत! वरून मी तिच्या हातांवर नजर ठेवू लागले. भाजी नि काकडी ढीगभर, पण भाकरी एकच. तेल चमच्यानं. साखरेचा डबा तर तिनं आक्काबाईंची पाठ वळल्यावर हळूच कपाटात सरकवला. आक्काबाईंनी ते पाहिलंच. त्यांनाही वाटायला लागलं, आपलं खाणं सुनेच्या डोळ्यांत सलतंय. रोज सकाळी प्रज्ञा त्यांना चालायला नेई, तेव्हाही त्या पुटपुटत, "म्हातारीला दमवून टाकायचा बेत दिसतो."

एका दुपारी त्यांनी शिरपूरच्या नणंदेला फोन लावला. आवाज अगदी खाली. "भागा, मले आठे अर्धपोटी ठेवतस व!"

त्याच आठवड्यात भागाबाई पिशवीभर लाडू घेऊन दारात हजर. त्यांनी आधी आक्काबाईंचं मनगट धरलं. बांगड्या सैल झाल्या होत्या.

"काय व वहिनी, कशी वाळी गई तू! तुले पोटभर जेवाले भेटस का नही?" मग त्या प्रज्ञाकडे वळल्या. "सासूचा घास तोडून बंगला बांधते का गं?"

प्रशील गोंधळला. बायकोकडे बघत म्हणाला, "प्रज्ञा, खरं सांग. आई उपाशी राहते का?"

नवऱ्याचा प्रश्न प्रज्ञाला फार लागला. तिनं मला खाली काढलं, घासलं, आक्काबाईंपुढे मांडलं. तीन भाकरी, भाजी, वर तेलाची धार. मला वाटलं, जिंकले!

"माझ्या मायला मी असंच वाढायचे," ती म्हणाली. "ती दमली की अजून एक भाकरी. तिचं वजन वाढलं, साखर वाढली, आणि मी आपली वाढतच राहिले. पायाला जखम झाली, ती भरलीच नाही. पाय कापावा लागला. जेवा आई. मी आता काही म्हणणार नाही."

आक्काबाईंनी एक भाकरी खाल्ली. दुसरीवर हात ठेवला आणि तिथेच थांबल्या.

"भागा, पोट भरनं व मन्हं."

"सुनेच्या धाकानं बोलतेस तू!" भागाबाई काही मानायला तयार नव्हत्या.

"धाक कसला?" असं म्हणत आक्काबाई उठल्या. कुणाचा हात न धरता, जमिनीला हात न टेकता. हे मी कितीतरी वर्षांनी बघत होते. आपण कशा उठलो हे आक्काबाईंच्याही तेव्हाच ध्यानात आलं असावं, कारण त्या क्षणभर आपल्या गुडघ्यांकडेच बघत राहिल्या.

मग त्या प्रज्ञाजवळ गेल्या. "तुझ्या मायचं हे मला आधी का नाही सांगितलं, पोरी?"

"तुम्ही घाबराल म्हणून."

"घाबरले असते. पण तुझ्यावर संशय तरी घेतला नसता."

प्रशील खाली मान घालून उभा होता. त्यानं उरलेल्या भाकरी डब्यात ठेवल्या. भागाबाई मात्र जाईपर्यंत प्रज्ञा काय नि किती वाढते ते निरखत होत्या. वहिनी पोटभर जेवतात अशी खात्री पटली, तेव्हा जाताना तिच्या पाठीवरून हात फिरवून गेल्या.

आक्काबाईंचं वजन हळूहळू उतरतं आहे. गोळ्या चालू आहेत, साखर आटोक्यात आली आहे. मी मोडीत गेले नाही. आता काकडी, मुळा, टोमॅटो माझ्यात चिरून मध्ये ठेवतात आणि सगळे माझ्यातूनच घेतात.

मित्रांनो, थाळी मोठी आहे म्हणून ती भरायलाच हवी असं नाही. अंगमेहनतीला लागेल तेवढंच आमच्यात वाढून घ्या. आणि आपल्या माणसाची भाकरी कमी करायची वेळ आली, तर ती उचलण्याआधी त्याच्याजवळ बसा, आणि का उचलताय ते त्याला सांगा.