कंडेन्सरमधली टकटक

मित्रांनो, मुलुंडच्या तुमच्या सोसायटीत घसरगुंडीशेजारी, चौथऱ्यावर केशरी रंगाचे एक लोखंडी धूड बसवले आहे. कुणी त्याला रणगाडा म्हणतो, कुणी हत्ती. ते धूड म्हणजे मी, एक जुना व्हॅक्यूम पंप. हवा ओढून घेणे हे माझे काम होते.

अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत मला जोडले आणि टेम्पोत घालून इथे आणले. तेव्हा इथे टॉवर नव्हते, रसायनांचा कारखाना होता. तो आपली वीज आपणच तयार करी. बॉयलरची वाफ टर्बाइन फिरवी आणि मग कंडेन्सरमध्ये येई. कंडेन्सर म्हणजे खोलीएवढी बंद टाकी. तिच्यातल्या गार पाण्याच्या नळ्यांना लागून वाफेचे पुन्हा पाणी होई. पण कुठून कुठून हवा आत शिरे, आणि ती साचली की टर्बाइनचा जोर उतरे. ती हवा मी एका जाड पाइपातून ओढून बाहेर टाकत असे.

काम चोख चालले की सगळे टर्बाइनचे कौतुक करीत. माझ्याकडे लक्ष असे ते एकट्या दशरथचे. तो माझा ऑपरेटर, मूळचा मालवणकडचा. येता-जाता माझ्या पाठीवर तळहात ठेवून म्हणे, "काय रे, बरो मा?"

त्याचा दोस्त नितेश फिटर होता. अंगाने सडपातळ, म्हणून कंडेन्सरमध्ये उतरायचे काम नेहमी त्याच्याकडे येई. त्याचे नुकतेच लग्न झाले होते. दोघे एकाच डब्यात जेवत.

एका वर्षी दुरुस्तीसाठी सगळी यंत्रे बंद होती. नितेश कंडेन्सरच्या तळाशी नळ्या तपासत होता. तेवढ्यात पाळी बदलली. नव्या माणसांना वाटले, सगळे बाहेर आले. त्यांनी झाकण लावले आणि बोल्ट आवळले. काम आधीच लांबले होते, इंजिनियर साहेब घाईत होते.

"दशरथ, पंप चालू कर."

मी फिरू लागलो. आधी नेहमीची हवा आली, ओलीची आणि गंजाची. मग तिच्यात घामाचा वास मिसळला. मित्रांनो, टाकीच्या आतले मला दिसत नव्हते, पण माणसाच्या अंगाला लागून आलेली हवा मला कळली. आणि मला थांबता येईना. पंपाला आपले आपण थांबता येत नाही.

मग पाइपातून आवाज आला. टक. टक टक.

दशरथचा हात माझ्या पाठीवर होता. त्याने वाकून पाइपाला कान लावला.

"साहेब, आत कुणीतरी आहे."

"आत्ताच पंप सुरू केलाय. पाइप वाजणारच. चालू ठेव."

"नितेश कुठाय?"

दशरथने उत्तराची वाट पाहिली नाही. त्याने मला बंद केले आणि धावत जाऊन कंडेन्सरचा व्हॉल्व्ह उघडला. हवा मोठ्याने फुत्कारत आत शिरली. बोल्ट निघाले, नितेशला बाहेर ओढले. त्याच्या कानातून रक्त येत होते. मुठीतला पाना काही केल्या सुटत नव्हता.

नितेश वाचला, पण नोकरी सोडून गेला. त्यानंतर मला चालू करण्याआधी दशरथ पाइपावर ठोका मारी आणि कान लावून थांबे. तो निवृत्त झाल्यावर ठोका मारायला कुणी उरले नाही. मी मात्र प्रत्येक वेळी येणाऱ्या हवेत तो घामाचा वास शोधत राहिलो. पुढे कारखाना बंद पडला. माझा पाइप कापला, तोंडावर पत्रा ठोकला, मला रंग दिला. पाइप नाही, तरी टकटक येतेच. तुम्ही खेळून घरी गेलात की जास्त येते.

मागच्या महिन्यात तुमची नवी शेजारीण अपूर्वा आपल्या बाबांना इथले नवे घर दाखवायला घेऊन आली. केस पिकलेला तो माणूस माझ्यासमोर थबकला. त्याने हात पुढे केला आणि अर्ध्यातून मागे घेतला. तो नितेश होता.

"बाबा, काय झालं?"

"मी आत होतो गं. आणि हा हवा ओढत होता." त्याने माझ्याकडे बोट केले. "बॅटरी विझली होती. ओरडून घसा बसला. मग पाना मारत राहिलो. दशरथदादाने ऐकलं. तो आता नाही. तू त्या अपघातानंतर झालीस."

अपूर्वाने माझ्याकडे पाहिले. मला वाटले, ही आता मला हटवायला सांगेल. तिने हळूच विचारले, "म्हणून तुम्ही लिफ्टमध्ये चढत नाही?"

"तू जा वर. मी येतो जिन्याने, सावकाश."

"चौदावा मजला आहे, बाबा."

"माहीत आहे."

तिने पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि त्याच्याबरोबर जिन्याकडे वळली. दोघांची पावले मला बराच वेळ ऐकू येत होती.

मित्रांनो, माझ्यावर खुशाल चढा, रंग उडाला तरी चालेल. फक्त मोठे झालात की कोणतेही झाकण लावण्याआधी, कोणतेही बटण दाबण्याआधी एक हाक मारा. आणि हाक मारून लगेच निघून जाऊ नका. आतल्या माणसाला उत्तर द्यायला वेळ लागतो.