खिडकी काढा

आमच्या घराचा दर्शनी भाग इतका सुंदर झाला आहे की बहिणीकडून परत आले तेव्हा मी स्वतःच्याच घरासमोरून सरळ पुढे निघून गेले. दुधवाल्याच्या दुकानापर्यंत पोचल्यावर लक्षात आलं की आपलं घर मागे राहिलं. हसू नका. ज्या खिडकीवरून मी घर ओळखायचे, ती खिडकीच तिथे नव्हती.

होती ती नुसती भिंत. फिकट पिवळ्या रंगाची, गुळगुळीत, हात फिरवला तर कुठे अडकायचा नाही. दाराला पितळी कडी, वर काचेचा दिवा, पायरीला नवा दगड, दोन्ही बाजूंना कुंड्या. रस्त्यावरून बघणाऱ्याने म्हणावं, काय घर आहे! बडा घर पोकळ वासा म्हणतात ते यालाच.

त्या खिडकीत माझं शिवणाचं मशीन होतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा घर सोडून कुठे जाता येत नव्हतं, म्हणून मी खिडकीशी मशीन मांडलं आणि नंतर तिथून उठलेच नाही. गिऱ्हाईक रस्त्यावरूनच कापड आत द्यायचं, मी शिवलेलं बाहेर द्यायची. उजेड असा की सुई ओवायला चष्मा लागायचा नाही. घरात बाकी कुठेच तेवढा उजेड नाही. आणि माणसं यायची ती नुसती कापडं घेऊन नाही. कोणाची सून रुसली, कोणाच्या मुलाला नोकरी लागली, सगळ्या गल्लीची बित्तंबातमी त्या गजांतून आत यायची. मला कोणी नावाने हाक मारत नसे. ‘खिडकीवाली’ म्हणत, आणि मला ते आवडायचं.

डागडुजीची कल्पना आमच्या ह्यांची. ऑफिसातले नवे साहेब आमच्या समोरच राहायला आले आणि ह्यांना एकाएकी भिंतीचे पोपडे दिसू लागले. इतकी वर्षं ते पडत होते माझ्या मशीनवर! पण मी कशाला खोड काढू? मी तर हरखूनच गेले. रंग मी निवडला. खिडकी मोठी करू, रुंद चौकटीची, खाली कापड पसरता येईल असा कट्टा, हेही मीच सुचवलं. ह्यांनी मान हलवली होती. बहिणीचं ऑपरेशन निघालं म्हणून मी घाईने निघाले, आणि पायरी उतरता उतरता गवंड्याला सांगितलं, “आधी पुढची मोठी खिडकी काढा, रंगाचं मग बघा.”

परत येऊन पाहते तर हे. आत गेले. बाहेर लख्ख ऊन आणि पुढच्या खोलीत दिवा लावल्याशिवाय पाऊल टाकता येईना. मशीन पलंगामागे सरकवून त्यावर जुनी चादर टाकली होती.

“गवंडी गाढव निघाला,” हे म्हणाले. चहासुद्धा ह्यांनीच केला होता, तेव्हाच मला कळायला हवं होतं. “तू ‘काढा’ म्हणालीस, त्याने काढली आणि बुजवून टाकली. मी ऑफिसात. येऊन बघतो तर गिलावाही झालेला.”

“मी नवी काढा म्हणत होते!”

“मला कळतं गं. पण त्याला कसं कळणार? तुझाच शब्द. काढा म्हणजे काढा.” मग आवाजात साखर घोळून, “आता झालंच आहे तर राहू दे ना. छान दिसतंय की. तुलाही जरा आराम.”

आराम! तरी मी मूग गिळून गप्प बसले, कारण मला खरंच वाटलं की चूक माझी. शब्द माझाच होता. उचलली जीभ लावली टाळ्याला, नीट थांबून सांगितलं असतं तर? अंथरुणावर पडल्या पडल्या मी स्वतःलाच चार शिव्या घातल्या.

सकाळी राहवेना म्हणून गवंड्याला गाठलं. पलीकडच्या रस्त्यावर तो परांचीवर उभा राहून दुसऱ्या कोणाच्या तरी घराला गिलावा करत होता. मी खालूनच सुरुवात केली. “अहो, डोकं कुठे ठेवून आला होतात? शिवणाऱ्या बाईची खिडकी कोणी बुजवतं का?”

तो खाली उतरला, थापी पुसली. चिडला मुळीच नाही.

“वहिनी, खिडकी काढायची म्हणजे नवीही काढतात आणि जुनीही काढतात. आमच्या धंद्यात असा घोटाळा नेहमीचा. म्हणूनच मी दादांना विचारलं ना.”

“कोणाला?”

“दादांना. हातोडा उचलायच्या आधी. म्हटलं, वहिनी काढा म्हणाल्या, पण नवी की जुनी? ते म्हणाले, जुनी काढा आणि भिंत सपाट करा. मी म्हटलं, नवी नको? तर म्हणाले, नको, आणि वहिनींनी विचारलं तर सांग, तुम्हीच म्हणाला होतात.” मग माझं तोंड पाहून तो गडबडला. “तुमचं ठरलं असेल असं वाटलं मला.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खिडकी गेली त्याचा राग एक, पण माझाच शब्द उचलून ह्यांनी माझा केसाने गळा कापला, वर मला रात्रभर स्वतःलाच दोष देत पडू दिलं! तशीच तडक घरी आले.

सुट्टीचा दिवस होता. हे आंघोळीला गेलेले. मी एकटीने मशीन ओढत दारापर्यंत आणलं, उंबऱ्यावरून उचललं आणि बाहेर त्या नव्या पायरीशेजारी, पिवळ्या भिंतीला पाठ लावून मांडलं. एक कुंडी मध्ये येत होती, ती गटारापलीकडे नेऊन ठेवली. बसले आणि शिवायला लागले.

हे टॉवेल खांद्यावर घेऊन बाहेर आले. “अगं, हे काय? आत चल. लोक बघतायत.”

“आत दिसत नाही.”

“साहेब गॅलरीत बसलेत समोर!”

“बसू दे. त्यांची काही शिवण असेल तर विचारा.”

“गवंड्याच्या चुकीचा राग माझ्यावर का काढतेस?”

“गवंड्याला भेटून आले मी.”

ह्यांचा चेहरा खर्रकन उतरला. आत पळायच्या बेतात होते, तेवढ्यात नर्सबाई आल्या. निवृत्त झाल्यात, आमच्या शेजारच्या बोळात राहतात. त्यांना ऐकू कमी येतं, पण त्यांना वाटतं जगालाच कमी ऐकू येतं, म्हणून त्या ओरडून बोलतात. हातात उसवलेल्या बाहीचा कोट.

“अगं, खिडकी कुठे गेली तुझी?” त्यांनी सगळ्या गल्लीला विचारलं.

मी ह्यांच्याकडे बोट दाखवलं.

“गवंड्याची चूक,” हे पुटपुटले.

“काय?”

मी मशीन थांबवलं आणि ह्यांच्याकडे बघत राहिले. समोर गॅलरीत साहेबांनी पेपर खाली केला.

“मी काढायला लावली,” हे म्हणाले.

“मोठ्याने बोल रे!”

“मीच काढायला लावली!”

“का? तिचं पोट होतं ना त्यावर?”

ह्यांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग अगदी खालच्या आवाजात म्हणाले, “लाज वाटायची.”

मला ऐकू आलं. आत कुठेतरी इतकं लागलं की डोळ्यांपुढची शिवण दिसेना. इतकी वर्षं मी त्या खिडकीत ताठ मानेने बसले होते, आणि हा माणूस आत बसून शरमत होता.

नर्सबाईंनी कानामागे हात धरला. “काय वाटायची?”

मला सांगता आलं असतं. कोणाचंही उत्तर मी आजवर पटकन देऊन टाकत आले, ह्यांचं तर नेहमीच. आज नाही दिलं. नर्सबाईंच्या हातातला कोट घेतला, बाही उलटी केली आणि वाट बघत बसले. नर्सबाईही हलल्या नाहीत.

शेवटी ह्यांना ते ओरडूनच सांगावं लागलं.