नणंदेकडे कधीच न पडणारा प्रोग्राम

पाणी कुठेतरी मुरतंय, हे मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं. नणंदेच्या संगणकावर प्रोग्राम कधीच पडायचा नाही. गिऱ्हाइकाकडे गेला की पडायचा, आणि पडला की अंडी उबवायचं यंत्र गार, आतली अंडी वाया.

आमच्या कंपनीत तपासणी माझ्याकडे. यंत्राचा मूळ प्रोग्राम सी भाषेत, तो नवऱ्याने लिहिलेला. ट्रे कधी फिरवायचा, ऊब किती द्यायची, हे एका छोट्या स्क्रिप्ट भाषेत, ते नणंदेचं. प्रत्येक ट्रेचं एक हलकंसं काम: थोडं चालायचं, थांबायचं, सीने हाक मारली की थांबलं होतं तिथून पुढे.

"स्क्रिप्टमध्येच घोळ आहे," असं सांगून नवरा मोकळा झाला. साहेब म्हणाले, शुक्रवारपर्यंत कारण सापडलं नाही तर तुमच्या नणंदेला निरोप द्यावा लागेल.

मी संशयी आहे, असू दे. घरी भाऊ-बहीण कुजबुजत, आणि मी आले की हवापाण्याच्या गप्पा. मला वाटलं, ही बया धड प्रत स्वतःकडे ठेवून आम्हाला मोडकी देतेय, म्हणजे दुरुस्तीला हिच्यावाचून अडावं. गुरुवारी ती जेवायला गेली आणि मी तिच्या जागेवर बसले.

फरक एवढाच निघाला: कोणता ट्रे काय करतोय ते स्वतःला दिसावं म्हणून तिने सगळी कामं स्क्रिप्टमध्येच एकत्र धरून ठेवली होती. गिऱ्हाइकाला देताना तेवढा भाग काढून टाकला जायचा. मीही काढला. थोड्या वेळाने प्रोग्राम कोसळला.

मग नवऱ्याचं सी उघडलं. थांबलेलं काम कुठे आहे, त्याचा नुसता पत्ता त्याने सीमध्ये ठेवला होता. स्क्रिप्ट भाषा अधूनमधून झाडलोट करते. तिच्या आत जे कुणी धरून ठेवलेलं नाही, ते फेकते. सीकडचा पत्ता ती मोजतच नाही. मग सीने हाक मारली की त्या पत्त्यावर काम नसायचंच, आणि प्रोग्राम पडायचा. अर्धा चहा ठेवून उठावं आणि कुणी कप विसळून टाकावा, तसं.

नणंद परत आली आणि पडद्याकडे बघत उभी राहिली.

"तुला माहीत होतं?"

"महिना झाला, वहिनी. दादाला सांगितलंय."

"मग?"

"म्हणाला, मी गुपचूप नीट करतो. वहिनीला तर मुळीच सांगू नकोस, ती राईचा पर्वत करेल."

"आणि तुझी नोकरी?"

"त्याची बढती तोंडावर आलीय ना. तुला काय, दुसरी मिळेल, म्हणाला."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. इतके दिवस मी भलत्याच माणसावर डोळा ठेवून होते.

साहेबांच्या खोलीत नवरा आधीच बसला होता. "काय, सापडला का घोळ?" त्याने हसत विचारलं.

"सापडला. ह्यांच्या कोडात आहे," मी साहेबांना म्हणाले, "आणि ह्यांना तो महिनाभर माहीत आहे."

नवरा खाली बघायला लागला. हे त्यांनी तुम्हाला कधी सांगितलं, साहेबांनी विचारलं.

"मला नाही सांगितलं. काल जेवताना एवढंच विचारत होते, बहिणीला निरोपाची भेट काय द्यावी."